‘सामंजस्याने वेगळे राहतोय’ असं लिहून देऊ का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

वय ४१, लग्नाला १६ वर्षं झाली, मुलगी आठवीत आहे. पती पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला; हातात महिना साधारण ८५ हजार येतात. लग्नाआधी मी एका खासगी कंपनीत हिशोबाचं काम करायचे. मुलगी झाली आणि पाठोपाठ सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा नोकरी सोडली. पुढे सहा वर्षं त्यांचं सगळं अंथरुणातलं मी केलं. फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, पण बुकिंगच्या वेळी माझ्या पाटल्या आणि तोडे मोडले होते. मारहाण कधी झाली नाही. पण भाजीच्या पैशांचाही हिशोब द्यावा लागायचा, चारचौघांत पाणउतारा व्हायचा, महिनोन्‌महिने अबोला असायचा. दिवाळीनंतर एका रात्री “नीघ इथून” म्हणाले, आणि मी मुलीला घेऊन माहेरी आले. आठ महिने झाले. कधी पाच हजार येतात, कधी काहीच नाही. मी इथल्या एका पतसंस्थेत ११ हजारांवर नोकरी धरली आहे. आता ह्यांनी निरोप पाठवलाय: आपण सामंजस्याने वेगळे राहतोय आणि एकमेकांकडे काही मागणं नाही, असं मुद्रांकावर लिहून दे, वर्ष पूर्ण झालं की संमतीने घटस्फोट घेऊ, तेव्हा ६ लाख देतो. दादा म्हणतो, नोकरी सोड आणि ४९८-अ (सासरच्या छळाची फौजदारी तक्रार) टाक. आई म्हणते, मिळतंय ते घे आणि मोकळी हो. मला वाटतं, घर तर मीच सोडलं. मग त्याच माणसाच्या पैशांवर कशाला जगायचं?

---

ताई,

तो मुद्रांक सही न करता परत पाठवा. बाकीचं सावकाश ठरवता येईल, पण ही सही एकदा झाली की निस्तरायला फार जड जाते, म्हणून आधी हेच लिहिते.

पोटगीची बहुतेकांना ठाऊक असलेली तरतूद म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये आली आहे. मजकूर जवळपास तोच आहे. पत्नीला पोटगी कधी मिळत नाही, हेही त्यात सांगितलं आहे. ती व्यभिचारात राहत असेल, पुरेशा कारणाविना पतीकडे नांदायला नकार देत असेल, किंवा दोघं परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर. यातली तिसरी अट वाचा आणि मग तुमच्या पतींनी पाठवलेलं वाक्य वाचा. कदाचित त्यांनी ते सरळ मनाने लिहिलं असेल, पण सहीनंतरचा परिणाम तोच राहतो: उद्या तुम्ही पोटगी मागायला गेलात, तर समोरचे वकील आधी हा कागद पुढे करतील. पोटगीचा हक्क सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे, त्यामुळे तुमची बाजू संपणार नाही. पण जो वेळ मुलीच्या फीची सोय करण्यात जायला हवा, तो त्या एका कागदाचा खुलासा करण्यात जाईल.

शिवाय ते खरंही नाही. “नीघ इथून” असं सांगितल्यावर बाहेर पडणं याला सामंजस्य म्हणत नाहीत.

लोक घटस्फोटाच्या दिवसाची काळजी करतात, पण बाईचं जास्त नुकसान होतं ते घर सुटल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या मधल्या काळात. घटस्फोट संमतीने झाला तरी पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीचा कलम १२५खालचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच स्पष्ट केलं आहे. मात्र घटस्फोटाआधी ‘संमतीने वेगळे’ असा शिक्का बसला तर तोच हक्क अडचणीत येतो. तुम्ही नेमक्या त्या मधल्या काळात आहात आणि आठ महिने हातातून गेले आहेत. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणजे कोर्टाने निकालाला दोन वर्षं घेतली तरी रक्कम अर्जाच्या दिवसापासून मोजली जाईल, पण अर्जाच्या आधीचे महिने त्यात सहसा येणार नाहीत. हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं आहे, आपल्याकडचंच.

त्यासाठी घटस्फोटाचा दावा लावावा लागत नाही. “अजून काडीमोड व्हायचाय, मग पोटगी कशी मागू?” असं मला अनेक जणी विचारतात. कलम १४४चा अर्ज लग्न कायम असतानाच करता येतो, आणि तुम्ही आता राहता त्याच ठिकाणी करता येतो. तिथे कौटुंबिक न्यायालय असेल तर त्यात, नसेल तर तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. पुण्याला खेपा घालायची गरज नाही. पुढे घटस्फोटाचा किंवा दुसरा वैवाहिक दावा उभा राहिला, तर तो चालू असेपर्यंतची पोटगी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४खाली आणि निकालाच्या वेळची किंवा नंतरची कायम पोटगी कलम २५खाली मागता येते. वेगवेगळ्या कायद्यांखाली अर्ज केले तर प्रत्येक ठिकाणी आधीचा अर्ज आणि आदेश उघड सांगावा लागतो, आणि मिळालेली रक्कम वजा धरली जाते.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: घर तर मीच सोडलं.

कायदा एवढंच विचारतो की वेगळं राहायला पुरेसं कारण आहे का. मारहाण नाही म्हणजे कारणच नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा एकदा कोणाकडून समजून घ्या. शारीरिक छळाबरोबर त्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही स्पष्टपणे लिहिलेला आहे. घरखर्चाला पैसे न देणं, बाईचं स्त्रीधन परस्पर वापरणं, हे त्यात बसतं. भाजीच्या पैशांचा हिशोब आणि मोडलेल्या पाटल्या तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात, पण मला त्या पत्रातल्या सर्वांत वजनदार गोष्टी वाटल्या. या कायद्याखाली महिन्याचा खर्च मागता येतो, स्त्रीधन परत मागता येतं, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून तो हक्क संपत नाही. ज्या सराफाकडे दागिने मोडले, तिथली पावती किंवा त्या दिवशीची बँकेतली नोंद शोधून ठेवा. लग्नातले फोटोही उपयोगी पडतात, कारण त्यात हातातल्या पाटल्या दिसतात.

तुम्ही अर्ज केलात की “नांदायला ये” अशी नोटीस येऊ शकते. घाबरू नका. पत्नीने नांदायला यावं असा हुकूमनामा पतीच्या बाजूने झाला आणि ती गेली नाही, तरी तेवढ्याच कारणाने पोटगी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये म्हटलं आहे. ती का गेली नाही, हे पाहावंच लागतं.

“त्याच माणसाच्या पैशांवर कशाला जगायचं?” हा प्रश्न मी हलका समजत नाही. तो स्वाभिमानातून आलेला आहे, आणि घरातून अपमानित होऊन निघालेल्या बाईकडे बऱ्याचदा तेवढीच एक गोष्ट शाबूत उरलेली असते. पण ते ८५ हजार ‘त्याचे’ कसे झाले, ते जरा मागे जाऊन बघा. तुमच्या पतींनी सोळा वर्षं शिफ्ट केल्या, ओव्हरटाइम केले, बढत्या घेतल्या. त्यातली सहा वर्षं त्यांच्या आईची कूस कोण बदलत होतं, चादरी कोण धूत होतं, मुलीला ताप असताना रजा कोणाला घ्यावी लागत नव्हती? तुम्ही हिशोबाची नोकरी चालू ठेवली असतीत तर आज तुमची पगाराची स्लिप ११ हजारांची नसती. तुमचा पगार जिथे थांबला, तिथून त्यांचा वाढत गेला, आणि या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच निर्णयामुळे घडल्या. रजनेश विरुद्ध नेहाच्या निकालात पोटगी ठरवताना पाहायच्या गोष्टींमध्ये हेही आहे: पत्नीला घर सांभाळण्यासाठी, मुलं वाढवण्यासाठी, घरातल्या मोठ्या माणसांची देखभाल करण्यासाठी नोकरीवर पाणी सोडावं लागलं का? देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने जे मोजायला सांगितलं, ते तुम्ही स्वतः मोजत नाही आहात. पोटगी मागितली म्हणून तुम्ही कोणाच्या दारात उभ्या राहत नाही. सोळा वर्षं दोघांनी मिळून जे उभं केलं, त्यातला तुमचा वाटा तुम्ही मागताय.

आणि समजा, हे वाचूनही स्वतःसाठी घ्यायचं नाही असं तुम्ही ठरवलंत, तर तो तुमचा अधिकार आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. मुलीचा खर्च मात्र तुम्हाला सोडून देता येत नाही, कारण तो हक्क तिचा आहे. ‘एकमेकांकडे काही मागणं नाही’ असं आईने लिहून दिलं, म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. मुलीसाठी वेगळी रक्कम मागा आणि आदेशातही ती वेगळी लिहून घ्या.

दादांचा राग मला समजतो. बहीण रात्री मुलीला घेऊन दारात आली की कोणत्याही भावाचं असंच होईल. पण त्यांचे दोन्ही सल्ले मला पटत नाहीत.

नोकरी सोडू नका. कमावत्या बाईला पोटगी मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. पत्नी थोडंफार कमावते म्हणून पोटगी नाकारता येत नाही. त्या कमाईत सासरी होतं तसं राहणीमान निभतं का, हे पाहिलं जातं. ११ हजारांत दोघींचं निभत नाही, हे सांगायला वकील लागत नाही. उलट मुद्दाम नोकरी सोडली आणि ते उघड झालं, तर न्यायाधीशांचा तुमच्या बाकीच्या सांगण्यावरचा विश्वास डळमळेल. दोन्ही बाजूंना आता उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात तुमचे ११ हजार स्वच्छ लिहा. त्यांनाही पगार, भविष्य निर्वाह निधी, ठेवी, फ्लॅट, सगळं लिहावं लागेल, आणि खोटं लिहिणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. हिशोबाचं काम केलेल्या बाईला हे प्रतिज्ञापत्र अवघड नाही, ते इतरांपेक्षा तुम्हाला चांगलं जमेल.

४९८-अ हे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. ते क्रूरतेच्या गुन्ह्यासाठी आहे आणि मानसिक क्रूरताही त्यात येते. जे सोसलं ते गुन्ह्याइतकं होतं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर तक्रार जरूर द्या. पण “मग बघ कसे ताळ्यावर येतात” म्हणून ते वापरू नका. महिन्याचा खर्च त्यातून मिळत नाही, बोलणीचं दार मात्र बंद होतं, आणि तुमच्या मुलीला दोन्हीकडच्या माणसांत वाढायचं आहे. पैशांचा प्रश्न पोटगीच्या अर्जाने सुटतो, हे दादांना शांतपणे समजावून सांगा.

आता ६ लाखांचं बघू. आईंच्या पिढीला तो आकडा मोठा वाटणं साहजिक आहे, आणि तुम्ही रोज डोळ्यांसमोर झुरताना त्यांना बघवत नसेल. पण ७ टक्क्यांनी ठेव ठेवली तर वर्षाला ४२ हजार, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार रुपये. उलट बाजूने बघा: महिना १५ हजार पोटगी धरली, तर ६ लाख म्हणजे ४० महिन्यांची रक्कम. मुलगी तेव्हा अकरावीत असेल. २०१७च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानली होती. तो सगळीकडे लागू होणारा नियम नाही, प्रत्येक प्रकरणात आकडा वेगळा निघतो. तरीही बोलणीला बसताना डोक्यात ठेवायला तो बरा: तुमच्या बाबतीत साधारण २१ हजार होतात. फ्लॅटचा हप्ता दाखवून ते आकडा खाली आणू पाहतील. आयकर, भविष्य निर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती सहसा वजा धरल्या जातात. स्वतःच्या नावावरच्या फ्लॅटचा हप्ता म्हणजे त्यांचीच मालमत्ता वाढते आहे, हे न्यायालयाला दिसतं.

आकडा सांगण्याआधी वही घ्या आणि तीन महिन्यांचा खर्च लिहून काढा. शाळेची फी, क्लास, बस, वह्या-पुस्तकं, डॉक्टर, चष्मा, गणवेश, दोघींचं किराणा-दूध. दादांच्या घरी भाडं द्यावं लागत नाही म्हणून ती जागा कोरी सोडू नका. भाऊ सांभाळतोय म्हणून नवऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, आणि कधी ना कधी तुम्हाला स्वतःची खोली घ्यावीच लागेल. वहिनींनी काही बोलून दाखवलं नसेलही, पण त्या घरावर किती दिवस भार टाकायचा, हा विचार तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत जाणवतो. (माहेरी परतलेल्या बहिणीसमोर अशा वेळी हक्कसोडपत्रही येतं. तुमच्याकडे तसं काही झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण इतर वाचक बहिणींना सांगते: मन अस्थिर असताना वडिलोपार्जित मिळकतीच्या कागदावरही सही करू नका.)

एकरकमी घ्यावी की दरमहा? आठ महिन्यांत ज्यांनी धड आठ वेळाही पैसे पाठवले नाहीत, त्यांच्याकडून पुढची वीस वर्षं दरमहा रक्कम येईल यावर मी भिस्त ठेवणार नाही. थकलेली पोटगी वसूल करता येते: न्यायालय वॉरंट काढू शकतं, आणि दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. पण रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत तो अर्ज करावा लागतो, आणि दर वेळी तारखा घेत बसावं लागतं. म्हणून माझं मत असं: तुमच्यासाठी घसघशीत एकरकमी, मुलीसाठी दरमहा आणि दर वर्षी ठरावीक वाढीसह, शिवाय उच्च शिक्षणाच्या खर्चाचा वेगळा उल्लेख. कायम पोटगीचा बोजा पतीच्या स्थावर मालमत्तेवर टाकता येतो, ते फ्लॅटच्या बाबतीत वकिलांना जरूर विचारा.

संमतीने घटस्फोट हा मार्ग वाईट नाही. रोजच्या अबोल्यात आयुष्य काढण्यापेक्षा तो चांगलाच. एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो, आणि त्यानंतरचा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, हे २०१७पासून ठरलेलं आहे. पण अटी न्यायालयात दाखल होणाऱ्या संमतीपत्रात लिहा. नोटरीच्या कागदाने घटस्फोट होत नाही; जातीतली तशी रूढी न्यायालयात सिद्ध केली तरच अपवाद. पैशांचे टप्पे ठरवा: काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला सगळा शेवटच्या जबाबाआधी, डिमांड ड्राफ्टने. ‘निकालानंतर देतो’ मान्य करू नका. निकाल होईपर्यंत संमती मागे घेण्याचा अधिकार तुम्हालाही असतो, तो पैसे हातात येईपर्यंत जपा.

आणखी दोन गोष्टी घटस्फोटाआधीच उरकायच्या असतात. कारखान्याच्या मेडिक्लेममधून तुमचं नाव निघेल. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ लवकर संपेल. आणि घटस्फोटानंतर तुम्ही त्यांच्या वारस राहत नाही, मुलगी राहते. संमतीपत्रात तिचा वारसाहक्क सोडल्याची ओळ कोणी घुसवली आहे का, ते वाचून बघा.

यापुढे पैसे फक्त बँकेच्या खात्यात घ्या. निरोप्याकरवी आलेली पाकिटं नकोत. बोलणंही शक्यतो लेखी संदेशांतून होऊ द्या आणि ते पुसू नका.

वाचकांपैकी पुरुषांसाठीही दोन शब्द. हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५ पतीलाही पोटगी मागू देतात. शिक्षिका असलेल्या पत्नीने पतीला महिना ३००० रुपये द्यावेत, हा नांदेडच्या न्यायालयाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२मध्ये कायम ठेवला होता. आणि मुस्लिम भगिनींसाठी: कलम १२५ (आताचं १४४) तुम्हालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये पुन्हा निःसंदिग्ध सांगितलं आहे.

वकिलाच्या खर्चाची चिंता तुम्ही लिहिली नाही, पण ती असणारच. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. महाराष्ट्रात १९९४पासून पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. जाताना लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, मुलीचा जन्मदाखला, आधार, दोघींच्या खर्चाची वही, तुमचं पासबुक, आणि त्यांची एखादी जुनी पगाराची स्लिप जवळ असेल तर ती न्या. अर्ज याच महिन्यात दाखल होऊ द्या, म्हणजे पोटगी या महिन्यापासून मोजली जाईल.